तिलापियात रोज वाढती मर, बाहेर आलेले डोळे: रिपोर्टात एरोमोनास आलाय, पण मारतोय तोच का?

गढूळपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

चार तळी आहेत, चारही तिलापियाची. त्यातल्या एकाच तळ्यात, दोन नंबरात, मर लागली आहे. मासे ३०० ते ४०० ग्रॅमचे. सुरुवातीला दिवसाला दोन-तीन मिळायचे, तेवढी मर एरवीही असते. मग आठ-दहा झाली, मग वीस, काल चाळीसच्या वर गेली. दुपारी पाणी ३१-३२ अंशांवर असतं.

मेलेल्यांत आणि मरायला टेकलेल्यांत जे दिसतं ते असं: एक किंवा दोन्ही डोळे बाहेर आलेले, काहींचे पांढुरके झालेले. परांच्या मुळाशी आणि पोटावर लाली. काहींचं पोट फुगलेलं, दाबलं की मागून पाणी येतं. थोड्यांच्या अंगावर खवले गेलेल्या जखमा. आणि एक विचित्र प्रकार म्हणजे काही मासे पृष्ठभागावर गोल-गोल फिरतात, मध्येच उलटे होतात, परत सरळ होतात.

एका ओळखीच्या तंत्रज्ञानं जखमेवर कापूस फिरवून नमुना नेला. रिपोर्ट आला: एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू. खाद्यातून प्रतिजैविक द्या म्हणाले. जाणकारांनी सांगावं, एवढ्यावर औषध सुरू करू का?

वाळूचर

वाचतोय. वाचनखूण साठवली. माझ्याकडे तळी नाहीत, पण भावाकडे आहेत.

काठावरचा

दादा, तो रिपोर्ट तूर्त बाजूला ठेवा. मला आधी तळ्याबद्दल सांगा. मेलेले मासे कधी सापडतात, पहाटे की दिवसभर? मोठे आधी गेले की सगळ्या मापाचे? खाणं कमी झालंय का, आणि ते मर वाढायच्या आधी झालं की नंतर? बाकीच्या तीन तळ्यांत आणि या तळ्यात फरक काय आहे: पाणी, बीज, खाद्य, दाटी? गेल्या महिनाभरात दोन नंबरात असं काय केलंत जे बाकी ठिकाणी केलं नाही?

विचारायचं कारण सांगतो. रोगाचा अंदाज मला माशापेक्षा मरीच्या चढावरून लवकर येतो. एका रात्रीत अख्खं तळं पालथं पडलं, मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड वासत होते आणि मोठे आधी गेले, तर ते ऑक्सिजनचं काम. दुपारनंतर सामू चढला की तडफड वाढते, तिथं अमोनिया मोजायचा. कल्ले आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर नायट्राइट. पाण्यात विष उतरलं असेल तर मासेच नाही, बेडूक, किडे, गोगलगायी, जे दिसेल ते मरतं. या सगळ्यांत मर एकदम उसळते आणि कारण गेलं की खाली बसते. तुमची मर पायरी-पायरीनं चढते आहे, एकाच तळ्यात आहे. संसर्ग असाच चढतो. म्हणजे जिवाणू असेल या अंदाजाला माझा विरोध नाही. तो जिवाणू रिपोर्टातलाच आहे का, याबद्दल मात्र मला खात्री नाही.

जुनाखलाशी

एवढा काथ्याकूट कशाला? लाल डाग, फुगलेलं पोट, बाहेर आलेले डोळे म्हणजे एरोमोनास. रिपोर्टही तेच सांगतो. खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळा, पाण्यात चुना मारा, मोकळे व्हा. तुम्ही प्रश्न विचारत बसाल तोवर तळं रिकामं होईल.

प्रयोगवही

अण्णा, घाई करायला हवी हे बरोबर आहे. पण घाई कशाची? मी प्रयोगशाळेत माशांचे नमुने बघते, आणि 'जखमेतून एरोमोनास' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की त्यातून मला आता काहीच कळत नाही.

एरोमोनास गोड्या पाण्यात असतोच. निरोगी माशाच्या आतड्यात असतो, कातडीवर असतो. कुठल्याही कारणानं जखम झाली, उवांनी चावून होवो, जाळ्यात घासून होवो, की दुसऱ्याच रोगानं होवो, हा तिथं हजर. शिवाय प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या साध्या माध्यमावर तो रातोरात भरभरून वाढतो, त्यामुळे हळू वाढणारा खरा गुन्हेगार त्याच्याखाली दडपून जातो. जखमेवरच्या कापसातून एरोमोनास मिळाला म्हणून त्याला दोषी ठरवणं म्हणजे आग बघायला जमलेल्यांतला पहिला माणूस धरून आग यानंच लावली म्हणण्यासारखं आहे.

तो निर्दोषच असतो असंही नाही. २००९ पासून अमेरिकेतल्या अलाबामामध्ये कॅटफिशच्या तळ्यांत एरोमोनास हायड्रोफिलाच्या एका जहाल वाणानं विक्रीच्या मापाचे, धडधाकट मासे भराभर मारले, आणि त्या वाणाचं नातं चीनमधल्या कार्प माशांतल्या वाणांशी लागलं. म्हणजे एरोमोनास एकटाही तळं बुडवू शकतो. पण ते सिद्ध करायचं तर तो मूत्रपिंडातून, एकटा, भरपूर आणि एकाहून जास्त माशांतून मिळायला हवा. एका माशाच्या जखमेतून चार प्रकारच्या वसाहतींबरोबर मिळाला तर त्याला पुरावा म्हणत नाहीत.

नमुना कसा द्यायचा ते सविस्तर लिहिते, कारण निम्मी निदानं इथंच बिघडतात.

मेलेला मासा आणू नका. एवढ्या गरम पाण्यात मासा मेल्यावर तासाभरात आतड्यातले जिवाणू अंगभर पसरतात, मग मूत्रपिंडातही एरोमोनासच मिळतो. अर्धमेले मासे हवेत: जे फिरतायत, कडेला लागलेत, ज्यांचे डोळे आलेत पण कल्ला अजून हलतोय. असे पाच-सहा घ्या आणि वरून धट्टेकट्टे दिसणारे दोन-तीन तुलनेसाठी. ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशवीत जिवंत पोहोचवता आले तर उत्तम. तेवढं अंतर झेपणार नसेल तर मासे स्वतंत्र पिशव्यांत घालून बर्फावर ठेवा, त्याच दिवशी पोहोचवा. गोठवू नका, गोठवल्यावर पेशींची चिरफाड होते आणि ऊतींच्या तपासणीला तो मासा निरुपयोगी ठरतो. त्याच तळ्याचं पाणी वेगळ्या बाटलीत भरून आणा, मासे असलेल्या पिशवीतलं नको.

आणि प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: मूत्रपिंडाचा पुढचा भाग, प्लीहा, आणि मेंदू. हो, मेंदू! तुमचे मासे गोल फिरतायत. डोळे बाहेर येणं आणि अंगात लाली ही लक्षणं अर्धा डझन रोगांत सारखीच दिसतात, पण तोल जाऊन गरगरणं मेंदूकडे बोट दाखवतं. मूत्रपिंड हवेच्या पिशवीच्या वर, कण्याला चिकटलेल्या गडद लाल पट्ट्यासारखं असतं. तिथवर जाताना आतड्याला सुरी लागली की नमुना वाया गेला समजा.

प्रतिजैविक सुरू करायच्या आधी नमुना घ्या. औषध पोटात गेलेल्या माशातून जिवाणू वाढवणं म्हणजे कपाळमोक्ष.

गढूळपाणी

ताई, फार आभार. आजवर मेंदूचं नावही कुणी काढलं नव्हतं.

काठावरचा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मासे दिवसभर मरतात, पहाटे थोडे जास्त सापडतात, पण ते रात्रभराचे असणार. छोटे मासे फारसे नाहीत, दांडगेच जातायत. पहाटे ऑक्सिजन मोजतो, गेल्या आठवड्यात ४ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेला नाही. अमोनिया चारही तळ्यांत साधारण सारखा. खाणं आधी कमी झालं, मर नंतर वाढली.

फरक म्हणाल तर दोनच. दोन नंबरात बाहेरून आणलेले वाढीव मासे टाकले होते, बाकी तळ्यांत माझंच बीज आहे. आणि मर लागायच्या थोडं आधी त्याच तळ्यात जाळं ओढून माप लावलं, मोठे-लहान वेगळे केले. उन्हाचे दिवस होते.

काठावरचा

बाहेरचे मासे आणि उन्हात जाळं. रोग कसा आत आला ते बहुधा हेच. नमुने लवकर द्या.

पाणवेल

माझ्याकडे पंगस आहेत. डोळे, पोट, लाली, सगळं हेच बघितलंय, आणि निघालं वेगळंच, म्हणून लिहिते.

पोट उघडलं तर मूत्रपिंड, यकृत, प्लीहा, तिन्हींवर पांढरे ठिपके, रवाळ. बाहेरून बघून सगळे एरोमोनास म्हणत होते. निघाला एडवर्डसिएला इक्टालुरी. हा प्रकार १९९० च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या पंगसात दिसू लागला आणि तिथं त्यानं पुढे प्रचंड नुकसान केलं. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या कॅटफिशमध्ये हाच जिवाणू वर्णिला गेला होता. तिथं डोक्यावर दोन डोळ्यांच्या मध्ये उघडी जखम पडते, कवटीला भोक पडल्यासारखी, आणि तेही मासे जागच्या जागी गिरक्या घेतात. त्यामुळे फिरतोय म्हणजे अमुकच, असंही ठरवू नका. पाण्याचं तापमान २२ ते २८ अंशांच्या पट्ट्यात असताना तो कॅटफिशमध्ये जोर करतो. तुमचं पाणी त्याच्या वर आहे आणि मासाही वेगळा, म्हणून मला तो वाटत नाही. पण पोट उघडाल तेव्हा ठिपके आहेत का, एवढं नक्की बघा.

प्रयोगवही

+१. आणि ठिपके दिसले तरी थांबायचं नाही. तिलापियाच्या प्लीहेत आणि मूत्रपिंडात पांढऱ्या गाठी असल्या तर फ्रान्सिसेला हा जिवाणू आठवायचा. तो थोड्या थंड पाण्यात दिसतो आणि साध्या माध्यमावर उगवतच नाही, त्याला सिस्टिन आणि हिमोग्लोबिन घातलेलं माध्यम लागतं. म्हणजे प्रयोगशाळा 'वाढ नाही' लिहून मोकळी होते आणि तळ्यात मर चालूच राहते. गाठी जुनाट, मासा रोडावलेला, मर संथ, असं असेल तर मायकोबॅक्टेरियमसाठी आम्लरोधी रंग लावून काच बघायची. तो हाताच्या कातडीवरच्या जखमेतून माणसालाही होतो, मोजे घालून काम करा.

एडवर्डसिएला इक्टालुरीची वाढही हळू असते, वसाहती दिसायला ३६ ते ४८ तास लागतात. चोवीस तासांत ताटली बघून फेकणाऱ्यांना तो कधीच सापडत नाही. तेवढ्यात वर एरोमोनास आलेला असतो आणि रिपोर्ट तयार!

वाळूचर

एक शंका. भावाच्या माशांच्या कल्ल्यांवर पिवळट चिखलासारखं दिसतं आणि पाठीवर खोगिरासारखा फिका पट्टा आलाय. हे यातलंच का? की वेगळा धागा काढू?

प्रयोगवही

इथंच विचारा, जवळचाच विषय आहे. ते वर्णन कॉलम्नारिसचं आहे, फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअरचं. आणि हा असा रोग आहे की जिथं सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत बरंचसं कळतं. जखमेच्या कडेचा, मधला नाही, किंवा कल्ल्याच्या पिवळट भागाचा छोटा तुकडा काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वरून पातळ काच, आणि थोडं थांबा. लांब, बारीक, वाकत-सरपटत जाणारे दांडे दिसतील, आणि ते हळूहळू ऊतीच्या कडेला गोळा होऊन ढीग रचतात. एकदा पाहिलेत की विसरणार नाही. डेव्हिस यांनी १९२२ मध्ये वर्णन केलं तेही असंच काचेवर बघून.

वाढवायला मात्र कमी पोषणाचं माध्यम लागतं. नेहमीच्या सकस माध्यमावर तो येत नाही किंवा दबून जातो. आला तर पिवळ्या, सपाट, मुळ्या फुटल्यासारख्या कडांच्या वसाहती. आणि २०२२ पासून त्या एकाच नावाखालचे जिवाणू चार प्रजातींत विभागले गेलेत, तिलापियातल्याला आता ओरिओक्रोमिस म्हणतात. भावाला त्याचा उपयोग नाही, पण नव्या रिपोर्टात वेगळं नाव दिसलं तर दचकू नका.

कल्ले इतके खराब असतील तर ऑक्सिजन पुरेसा असूनही मासा गुदमरतो. एअरेटर वाढवायला सांगा, बाकीचं नंतर.

जुनाखलाशी

ताईंचं सगळं खरं. पण हे सगळं करायला प्रयोगशाळा शेजारी हवी. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं काय करायचं?

प्रयोगवही

रास्त प्रश्न आहे. काठावर बसून बरंच करता येतं.

कल्ल्याची आणि कातडीची ओली काच आधी बघा, परजीवी आहेत का ते. ट्रायकोडिना, डॅक्टिलोगायरस, माशांच्या उवा, हे सगळं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं आणि जखमा पाडणारे बऱ्याचदा हेच असतात. मग अर्धमेल्या माशाच्या मूत्रपिंडाचा आणि मेंदूचा काचेवर ठसा घ्या, वाळवा, ग्राम रंग लावा. गुलाबी (ग्राम ऋण) दांडे की जांभळे (ग्राम धन) गोल, एवढं एक उत्तर अर्ध्या तासात मिळतं, आणि त्यानं निम्मे संशयित गळतात. ताटलीवर वाढ असेल तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात वसाहत ढवळून सुई उचलायची. चिकट तार आली तर ग्राम ऋण, नाही आली तर ग्राम धन. रंग फसला असेल तर ही पडताळणी कामी येते.

आमच्याकडेही पुढचं वर्गीकरण या साध्या पायऱ्यांवरूनच सुरू होतं. ग्राम ऋण दांडा, ऑक्सिडेज होकारार्थी, ग्लुकोज आंबवतो: एरोमोनासकडे. ऑक्सिडेज नकारार्थी: एडवर्डसिएलाकडे. ग्राम धन गोल, साखळीत, कॅटलेज नकारार्थी: स्ट्रेप्टोकॉकस किंवा त्याचे भाऊबंद. नेमकी प्रजाती पीसीआर, म्हणजे जनुकीय चाचणी, सांगेल. एरोमोनासच्या बाबतीत तर नेहमीचा १६ एस जनुकही प्रजाती नीट वेगळ्या करू शकत नाही, जायर बी किंवा आरपीओ डी बघावा लागतो. रिपोर्टात नुसत्या जैवरासायनिक चाचण्यांवर 'हायड्रोफिला' लिहिलं असेल तर ते 'एरोमोनासपैकी कुणीतरी' असं वाचा.

बुडबुडा

थोडं इतिहासातलं सांगतो, कारण एरोमोनासवर ठपका ठेवायची सवय जुनी आहे. १९७१ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या काळात आग्नेय आणि दक्षिण आशियात माशांच्या अंगावर खोल व्रण पडायचा रोग पसरला. ज्याच्या-त्याच्या व्रणातून एरोमोनास निघायचा, म्हणून जिवाणूच कारण म्हणणारा मोठा गट होता. विषाणूवाले वेगळे, प्रदूषणवाले वेगळे. शेवटी ऊतींच्या कापांत बुरशीसारखे तंतू मांसात शिरलेले आणि त्यांच्याभोवती गाठी दिसल्या, आणि दोषी ठरला अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स. तो जिवाणू तर नाहीच, खरी बुरशीही नाही. एरोमोनास नंतर येऊन जखम वाढवत होता.

म्हणून थोडे तुकडे १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला विसरू नका. तुकडा पातळ, एक सेंटिमीटरच्या आतला, द्रव त्याच्या दहापट. ताटलीवर न उगवणारं बरंच काही काचेवर दिसतं.

आणि विषाणू! तिलापियातल्या टिलापिया लेक विषाणूचं वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही डोळे जातात, अंग काळवंडतं, कातडी सोलवटते. बहुतेक लहान मासे मरतात, पण मोठे सुटतातच असं नाही, आणि तो एरोमोनास किंवा स्ट्रेप्टोकॉकसबरोबर जोडीनंही सापडतो. त्या चाचणीसाठी यकृत आणि मेंदूचे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये द्या. बऱ्याच देशांत हा विषाणू सापडला की शासकीय यंत्रणेला कळवावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

गढूळपाणी

काल सहा अर्धमेले आणि दोन चांगले मासे जिवंत पोहोचवले. पोट माझ्यासमोर उघडलं. ठिपके नाहीत, गाठी नाहीत. पोटात पिवळसर लालसर पाणी, प्लीहा फुगलेली, काळपट. आतडं रिकामं. कवटी उघडली तर मेंदूवर लाली, मेंदू मऊ पडल्यासारखा.

मेंदूच्या ठशावर ग्राम रंगात जांभळे गोल, जोडीनं आणि छोट्या साखळ्यांत. सहापैकी पाच माशांत! मूत्रपिंडात चार माशांत तेच. कल्ल्यांवर थोडे ट्रायकोडिना, चांगल्या माशांवरही तेवढेच, त्यामुळे त्याला महत्त्व देऊ नका म्हणाले. जखमेतून पुन्हा एरोमोनास आला, बरोबर आणखी दोन-तीन प्रकारचे जिवाणू. विषाणूची चाचणी लावली आहे. ताटलीवर काय येतं ते उद्या.

जुनाखलाशी

जांभळे गोल! बरं झालं माझं ऐकून चुना टाकून बसला नाहीत.

प्रयोगवही

अण्णा 😄

तापमान ३० च्या वर, दांडगे मासे, डोळे, गरगरणं, चढती मर, आणि आता मेंदूत ग्राम धन साखळ्या. स्ट्रेप्टोकॉकसचं पुस्तकी चित्र आहे. त्याची ॲगॅलॅक्टी प्रजाती की इनी, एवढंच उरलंय, लॅक्टोकॉकसही डोक्यात ठेवा. ताटली रक्त घातलेली लावली असेल तर इनी बहुधा भोवती स्वच्छ कडं करतो, ॲगॅलॅक्टीचे माशांतले काही वाण करतच नाहीत. गट बी ची गुठळी चाचणी ॲगॅलॅक्टीला येते, इनीला येत नाही. स्टार्च इनी फोडतो.

गढूळपाणी

आला रिपोर्ट. मेंदू आणि मूत्रपिंडातून शुद्ध वाढ, बारीक टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती, कॅटलेज नकारार्थी, गट बी होकारार्थी, पीसीआरनं स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी. चांगल्या दिसणाऱ्या दोन माशांपैकी एकाच्या मेंदूतही मिळाला. विषाणू नकारार्थी. औषध-संवेदनशीलता लावली आहे.

आता पुढे काय, हे विचारायची हिंमत करतो. मर काल थोडी कमी झाली, खाद्य अर्ध्यावर आणल्यामुळे की योगायोग?

काठावरचा

योगायोग नसावा. स्ट्रेप्टोकॉकसमध्ये खाद्य कमी केलं की मर उतरते, हे अनेकांनी अनुभवलंय. भरल्या पोटी गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, शिवाय न खाल्लेलं खाद्य कुजतं. मेलेले दिवसातून दोन-तीनदा काढा. तिलापिया मेलेल्या भावंडांना टोचून खातात, त्यातूनही पसरतो. खड्ड्यात चुना टाकून पुरा, काठावर फेकू नका. पक्षी उचलून दुसऱ्या तळ्यात टाकतात.

प्रयोगवही

औषधाबद्दल. एरोमोनासच्या रिपोर्टवर आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या रिपोर्टवर एकच औषध लागू पडेलच असं नाही. म्हणून तर जिवाणूचं नाव लागतं. संवेदनशीलतेची चाचणी माशांच्या जिवाणूंच्या प्रमाणपद्धतीनं, २८ अंशांवर लावली का तेवढं विचारा. माणसांच्या नमुन्यांची ३५ अंशांची मापं इथं तशीच लावून चालत नाही.

औषध मत्स्यवैद्यानं लिहून दिलेलं आणि तुमच्याकडे खाद्यमाशांसाठी मंजूर असलेलंच. फ्लॉरफेनिकॉल बऱ्याच ठिकाणी सलग १० दिवस खाद्यातून देतात, मध्येच मर थांबली म्हणून सोडत नाहीत, आणि विक्रीपूर्वीचा विरामकाळ पाळतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, खाद्यप्राण्यांत त्यांच्यावर बहुतेक देशांत बंदी आहे. पाण्यात औषध ओतणं वाया.

एक कटू गोष्ट. जो मासा गरगरतोय तो खात नाही, त्याला औषध पोहोचतच नाही. औषध वाचवतं ते अजून खाणाऱ्यांना. म्हणून ते उशिरा दिलं की 'औषध लागू पडलं नाही' अशी ओरड होते. आणि वाचलेल्यांपैकी काही जिवाणू अंगात घेऊनच जगतात. तुमच्या त्या धडधाकट दिसणाऱ्या माशाचा मेंदू आठवा.

पाणवेल

माणसांना याचा धोका किती? घरातली मुलं जाळ्याला हात लावतात.

प्रयोगवही

इनीबद्दल आधी सांगते, कारण हाताळण्याचा धोका त्याचा जास्त नोंदला गेलाय. १९७० च्या दशकात तो बंदिस्त ठेवलेल्या ॲमेझॉनच्या नदी-डॉल्फिनमध्ये पहिल्यांदा सापडला. १९९५-९६ मध्ये टोरोंटोत ताजा मासा साफ करताना हाताला काटा लागलेल्या लोकांना त्याचा संसर्ग झाला. ॲगॅलॅक्टीचा एक विशिष्ट प्रकार, एसटी २८३, २०१५ मध्ये सिंगापूरमध्ये कच्चा गोड्या पाण्यातला मासा खाणाऱ्यांत गंभीर आजार करून गेला. माशांतला प्रत्येक ॲगॅलॅक्टी तसा नसतो, पण जाडे मोजे घाला, हाताला जखम असेल तर लांब राहा, मुलांना सध्या जाळ्यापासून दूर ठेवा आणि मासा नीट शिजवा. शिजवल्यावर हा जिवाणू टिकत नाही.

बुडबुडा

धागाकर्ते, तळं रिकामं कराल तेव्हा तळ वाळवा, चुना घाला, आणि पुढचे मासे बाहेरून आणायचेच असतील तर वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून, मेंदूचा नमुना तपासून मगच टाका. काही देशांत ॲगॅलॅक्टीविरुद्ध तिलापियासाठी लसही मिळते. ती टोचून देतात आणि तुमच्याकडचा उपप्रकार तिच्यात असावा लागतो. बाहेरच्या माशांवर सगळा दोष टाकू नका. ते सुप्त वाहक असतीलही, पण उन्हात जाळं ओढलं नसतं तर कदाचित एवढे उठले नसते.

गढूळपाणी

पटलं. माप लावायचं काम आता पहाटेच, आणि पाणी गरम असताना नाहीच.

संवेदनशीलतेत फ्लॉरफेनिकॉल चालतं असं आलंय, ऑक्सिटेट्रासायक्लिनला प्रतिकार. मत्स्यवैद्यांनी चिठ्ठी दिली, आजपासून सुरू. पण आज सकाळी तीन नंबरात दोन मासे गरगरताना दिसले. तिथं बाहेरचे मासे टाकले नव्हते. तिथंही हेच समजून औषध चालू करू?

काठावरचा

जाळं एकच वापरता का दोन्हीकडे?

गढूळपाणी

हो. बादल्याही त्याच.

प्रयोगवही

मग उत्तर बहुतेक माहीत आहे, तरी औषधाआधी नमुना द्याच. चार-पाच गरगरणारे जिवंत आणा, मेंदू आणि मूत्रपिंड. ठशाचा निकाल अर्ध्या तासात मिळेल, तेवढ्यानं फारसं बिघडत नाही. तोवर तीन नंबरचं खाद्य अर्धं करा, एअरेटर चालू ठेवा, जाळी-बादल्या प्रत्येक तळ्याच्या वेगळ्या करा आणि वापरलेल्या निर्जंतुक करून उन्हात वाळवा. एक आणि चार नंबरचं काम आधी उरका, दोन आणि तीन शेवटी.

गढूळपाणी

पिशव्या भरल्या, निघतोय. निकाल इथंच टाकतो.